लोखंडी पात्या, नग चारशे

बुटाची गोष्ट सांगा, असं लोक मला अजूनही म्हणतात. लग्नात भेटलेले भाचे म्हणतात, कोर्टातले जुने सहकारी म्हणतात. परवा तर दवाखान्यात शेजारी बसलेल्या एका बाईंनी माझं नाव ऐकलं आणि ‘अगं बाई, त्या तुम्हीच का?’ म्हणून तोंडाला पदर लावला. मी सांगते. लोक हसतात. हसून झालं की चहा मागवतात. त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं, हे आजवर मला कुणी विचारलेलं नाही. म्हणून इथे सगळं लिहून ठेवते. हसण्याजोगं त्यात जेवढं आहे तेवढंच येईल. बाकीचं वाचून कुणाला राग आला तर येऊ द्या. मला तो इतकी वर्षं येतोच आहे.

आमचं घर मानवतहून पाथरीकडे जाताना आत वळणाऱ्या एका गावात होतं. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की उद्या तिथलाच कुणी उठून म्हणेल, आमच्यात असं काही झालंच नव्हतं, आणि मग त्याच्याशी भांडण्यात माझे उरलेले दिवस जायचे. आम्ही चांभार. एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला ओढा, ओढ्यापलीकडे बौद्धवाडा, आणि मधे आमचं एकटं घर. गावाला आमची गरज होती, शेजार नको होता. दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत कातडं भिजवायची कुंडी, रापी, आऱ्या आणि दादांची बसायची गोणपाटाची घडी. दादा म्हणजे माझे वडील, किसन. मागच्या खोलीत चूल, माय, मी आणि यंत्र. मायचा आणि यंत्राचा उभा दावा होता, कारण अर्धी खोली त्यानंच खाल्ली होती. पावसाळ्यात ती त्याच्या आडव्या दांड्यावर ओली लुगडी वाळत घालायची आणि म्हणायची, “ह्याला एवढी जागा दिली, तर ह्यानं जरा घरकाम बी करावं.” सकाळी भाकरी थापल्याचा आवाज आणि यंत्राचा आवाज एकमेकांत मिसळून यायचे. माय ज्वारीच्या कण्या घालून अंबाडीची भाजी शिजवायची, वर लसणाची फोडणी ओतायची, आणि त्या वासात यंत्राला पाजलेल्या एरंडेलाचा वास असायचाच. आजही कुठे एरंडेलाचा वास आला की मला भूक लागते. हे डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. लोकांना हसायला फार थोडं पुरतं.

यंत्र दादांनी स्वतः उभं केलेलं होतं. कापसाच्या हंगामात ते मानवतच्या एका जिनिंगमध्ये पट्टे शिवायला जायचे. मोठमोठ्या चाकांवरून फिरणारा कातडी पट्टा तुटला की तिथे इंजिनिअरचं काही चालत नाही, चांभारच लागतो. तिथले म्हातारे फिटर हमीदचाचा दादांचे दोस्त झाले. मोडीत निघालेल्या एका प्रेसचा जाड आट्यांचा स्क्रू त्यांनी मालकाला सांगून दादांना मिळवून दिला, आणि दुपारच्या सुट्टीत बसून पोलादाच्या तुकड्यातून डाय, म्हणजे पट्टी कापणारा साचा, कशी कोरायची ते शिकवलं. दादा कानस दाबून चालवायचे. चाचा म्हणायचे, “किसन, दबा नक्को रे, वो आपीच काटती.” दोन हंगाम ते काम चाललं. शेवटी शेवटी कानस निसटली आणि डायच्या आतल्या कडेला एक बारीक खाच पडली. दादांना वाटलं, सगळं वाया गेलं. चाचा म्हणाले, “रहने दे. तेरा सिक्का है वो.”

बाभळीच्या ओंडक्यावर लोखंडी चौकट, चौकटीत तो स्क्रू, स्क्रूच्या डोक्यावर आडवा दांडा आणि दांड्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी गोळे, असं ते यंत्र. दांड्याला झोका दिला की गोळे भिरभिरत जायचे, स्क्रू खाली उतरायचा आणि खट्! पट्टीतून एक नाल तुटून खाली टोपल्यात पडायचा. वहाणेच्या टाचेला बसायचा तो अर्धचंद्रासारखा, बोटांकडच्या टोकाला बसायचा तो अरुंद, आणि दोन्हीला कातड्यात रुतून बसायला तीन बारीक दात. पट्टी कसली, तर कापसाच्या गाठी आवळायला वापरतात ती, जिनिंगमधून फेकलेली. त्याआधी लोहार एकेक नाल ऐरणीवर ठोकून द्यायचा आणि एका जोडाला अर्धी सकाळ जायची. आमच्या यंत्रातून भाकरी भाजून होईपर्यंत ओंजळभर नाल निघायचे. आमच्याकडची काळी जमीन, तिच्यातली ढेकळं आणि धसकटं चामड्याची महिन्याभरात चाळण करतात. नाल बसला की तीच वहाण दुप्पट चालते. मानवत, पाथरी, जिंतूर, पार चारठाण्यापर्यंतचे चांभार बाजाराच्या दिवशी आमचे नाल घेऊन जायचे. तालुक्याला पोलीस ठाण्यासमोर बसणारा मोचीही न्यायचा, म्हणजे शिपायांच्या बुटांखालीही आमचाच माल. दांडा आम्ही तिघंही फिरवायचो. माझ्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख अजून वाकडं वाढतं. एकदा पट्टी सरकवायला मला उशीर झाला होता, त्याची ती खूण.

मग नामांतर आलं. विद्यापीठाला नाव द्यायचा ठराव मुंबईत झाला आणि आग आमच्याकडे लागली. मी तेव्हा दहावीत होते. मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. एका पाटीवरचं नाव बदलणार होतं. कुणाच्या शेताचा बांध सरकणार नव्हता, कुणाच्या विहिरीचं पाणी आटणार नव्हतं. आमच्या गावातल्या एकानेही ते विद्यापीठ डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. पण ज्यांना आपल्या पोराची इयत्ता सांगता यायची नाही, ते पारावर बसून विद्यापीठाच्या इज्जतीची भाषा बोलायला लागले.

त्या दिवशी सकाळी शेजारच्या गावाकडे धूर दिसला. थोड्या वेळाने ओढा ओलांडून वाड्यातली सोजर आली. कमरेपर्यंत भिजलेली, छातीशी दीड महिन्याचं पोर. तिच्या मागे तिची सासू, दीर, आणखी दोन घरची बायकापोरं, अशी अकरा माणसं. पाराकडे गडी जमायला लागले होते आणि वाड्याकडून गावाबाहेर नेणारी पांदीची वाट त्यांनी अडवली होती. दादांनी काही विचारलं नाही. मायला म्हणाले, “आत घे.” मागच्या खोलीत यंत्राभोवती ती सगळी दाटीवाटीने बसली आणि दादांनी मधलं दार ओढून घेतलं. पोराला ताप होता. ते रडायला लागलं ते थांबेना. सोजर त्याच्या तोंडावर हात ठेवायची आणि घाबरून पुन्हा काढायची. दादांनी फटीतून आत बघितलं.

“शके, यंत्र चालू कर.”

“किती काढू, दादा?”

“मोजू नको. पट्टी संपली तरी थांबू नको.”

मी झोका दिला. खट्. पोर रडलं. पुन्हा खट्. दोन ठोक्यांच्या मधे त्याचा आवाज उठू नये म्हणून मी दांडा परत येऊच देत नव्हते, अर्ध्यातच ढकलत होते. मी दमले की माय, माय दमली की सोजरचा दीर. पट्टी दुपारच्या आधीच संपली. मग आम्ही तयार नालच पुन्हा आत घातले, आणि तेही चपटे होऊन निकामी झाले तेव्हा रिकामे ठोके घातले. रिकामा ठोका दादांनी कधी पडू दिला नव्हता, त्याने डायची धार जाते. त्या दिवशी ते पुढच्या खोलीत वहाण शिवत बसले होते, प्रत्येक रिकामा ठोका ऐकत होते आणि मान वर करत नव्हते.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ते आले. वीसपंचवीस जण होते, पुढे पोलीस पाटलाचा पुतण्या. गावातला खून, चोरी, दंगा सरकारला कळवायचं काम ज्या पोलीस पाटलाचं, त्याचाच पुतण्या. मी दाराच्या फटीतून बघत होते आणि हात चालूच होते.

“किसन, आज कशाचा रे एवढा घाईचा माल?”

“ठाण्याच्या बुटांचा हाय, मालक. उद्या द्यायचाय.”

“वाड्यातली लोकं इकडं आल्यात म्हणं.”

“ह्या आवाजात कोण बसंल, मालक? माझेच कान गेलेत.”

तो उंबऱ्यापर्यंत आला. त्याच्या हातातल्या डब्यातल्या रॉकेलचा वास मला आत आला. एक पाऊल टाकलं असतं तर त्याला सगळं दिसलं असतं. पण ते पाऊल चांभाराच्या घरात पडलं असतं, आणि तेवढं त्याच्याकडून झालं नाही. तो उंबऱ्याबाहेर थुंकला आणि वळला. ज्या विटाळाने आमच्या पिढ्या नासवल्या, त्याचा माझ्या आयुष्यात एवढा एकदाच उपयोग झाला.

पाठोपाठ ओढ्यापलीकडे धूर उठला. आत सगळ्यांना वास आला. सोजरची सासू फक्त एवढंच म्हणाली, “शेळी बांधेल हाय माझी.” आणि यंत्राकडे बघत राहिली. मायने होती तेवढी भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. इथे एक खरं लिहिलंच पाहिजे : आमच्यात आणि वाड्यात भाकरीचा व्यवहार नव्हता. आम्ही स्वतःला त्यांच्यापेक्षा वरचे समजायचो, मीसुद्धा. सोजर ताटाला हात लावेना. माय म्हणाली, “खाय गं. आज कोण बघायलंय?” मग एका ताटात चौघी जेवल्या. त्या खडखडाटातच पोर झोपलं, पण आमची थांबायची हिंमत झाली नाही. सूर्य कलल्यावर पोलिसांची गाडी आली, पारावरचे पांगले आणि गाडीतून त्या अकरा जणांना तालुक्याच्या शाळेत नेलं. माझे दोन्ही हात खांद्यापर्यंत सुजले होते. मायने त्यांना तेच एरंडेल कोमट करून चोळलं.

आठवड्याने पोलीस पुन्हा आले. मला वाटलं, घरं जाळणाऱ्यांना न्यायला आले. ते आमच्या दारात थांबले. एक जमादार, दोन शिपाई, आणि पंच म्हणून पोलीस पाटील स्वतः.

“शस्त्रं बनवायचं यंत्र हाय म्हणून खबर हाय,” जमादार म्हणाले.

दादा आधी हसलेच. जमादारांनी कोपऱ्यातलं पोतं उपडं केलं. त्या दिवसानंतर नवीन पट्टी आणून दादांनी पाथरीच्या बाजारासाठी काढलेला माल होता तो. “ह्या पात्या कशाला?”

“पात्या न्हाईत साहेब. नाल हायत, वहाणंचे.”

जमादारांनी पंचनामा लिहायला घेतला. मी त्यांच्या कोपराजवळ उभी राहून वाचत होते. ‘लोखंडी अणकुचीदार पात्या, नग चारशे. सदर पात्या तयार करण्याचे लोखंडी यंत्र, नग एक.’

“साहेब,” मी म्हणाले, “पात्या खोडून नाल लिहा.”

“तू मला मराठी शिकवायलीस का गं?”

पाटलाने सही केली. दादांना सही येत होती, मीच पाटीवर गिरवून घेतली होती. त्यांनी कागद हातात घेतला, मला वाचायला लावला आणि परत दिला. “खरं लिवा, सही करतो.” जमादारांनी त्यांच्या थोबाडीत मारली. माझ्या बापाला कुणी मारताना मी पहिल्यांदा बघत होते. दादांचा हात गालाकडे गेला नाही. तो यंत्राच्या दांड्यावर होता, तिथेच राहिला. मग पाटलाच्या बैलगाडीत यंत्र चढवलं, त्याच्यावर पोतं ठेवलं, आणि दादांचे हात त्यांनीच कापून ठेवलेल्या चामड्याच्या वादीने बांधून त्यांना गाडीमागे चालवत नेलं. घरं जाळणारे पारावर बसून बघत होते. पुतण्या अडकित्त्याने सुपारी कातरत होता.

मी पुढे तीस वर्षं कोर्टात कारकुनी केली. हजारो पंचनामे माझ्या हाताखालून गेले. एका शब्दाने माणूस आत जातो हे मला कुठल्या साहेबाने शिकवलं नाही, मी ते आमच्या चुलीजवळ उभी राहून शिकले.

दादा एकोणीस दिवस आत होते. मग मामाने जामीन दिला. त्या दिवसांत गावाने आमच्याकडे एक वहाण शिवायला टाकली नाही. आमच्याच जातीची चार वडीलधारी माणसं पाथरीहून आली आणि मायला समजावू लागली. “किसनला काय पडली होती? ते येगळे, आपण येगळे.” मायने एवढंच विचारलं, “तान्हं लेकरू बी येगळं असतं का, बाबा?” आणि त्यांना चहा विचारला नाही. पाहुणा बिनचहाचा जायची आमच्या घरातली ती पहिलीच वेळ. वाड्यातल्या लोकांनीही तक्रार दिली होती, नावानिशी. तिचं काय झालं असं विचारलं की उत्तर यायचं, चौकशी चालू आहे.

आमची तारीख मात्र नेमाने पडायची. प्रत्येक तारखेला मी दादांबरोबर एसटीने जायचे. माय फडक्यात धपाटे बांधून द्यायची, ते कोर्टाच्या आवारात बसून आम्ही खायचो, आणि दुपारी कळायचं की आज साहेब नाहीत, किंवा जमादार आलेले नाहीत. असं वर्षाच्या वर चाललं. मधे मी दहावी पास झाले. वकील भला माणूस होता, पण मऊ. म्हणायचा, “किसनराव, कबूल करून टाका. समज देऊन सोडतील.”

“कबूल काय करू साहेब? वहाण?”

शेवटी एकदाचे जमादार पिंजऱ्यात उभे राहिले. पायऱ्या चढताना त्यांचे बूट कसे वाजले ते मी ऐकलं होतं आणि ते ऐकूनच माझे कान तापले होते. टेबलावर पोतं उघडून ठेवलं होतं. न्यायाधीश जाड चष्म्याचे, सारखे खोकणारे. आमच्या वकिलाने विचारलं, “ही वस्तू चपलेला लावतात हे तुम्हाला माहीत नव्हतं?” जमादार म्हणाले, “अशी वस्तू मी आजपर्यंत कुठंच पाहिलेली न्हाई.”

मी बाकावरून उठले. मला उठायचं आहे हे मी ठरवलेलं नव्हतं. “साहेब, खोटं हाय ते. त्यांच्याच बुटाखाली बघा.”

शिपाई ‘चूप, चूप’ करत धावला. न्यायाधीशांनी हात वर केला. “ही कोण?”

“आरोपीची मुलगी, साहेब,” वकील चाचरत म्हणाला.

न्यायाधीश खोकले. मग म्हणाले, “जमादार, बूट काढा.”

जमादारांनी इकडेतिकडे बघितलं आणि उजवा बूट काढला. शिपायाने टेबलावर वर्तमानपत्र पसरून तो उलटा ठेवला. टाचेला झिजलेला नाल होता. न्यायाधीशांनी पोत्यातला एक नाल उचलून शेजारी धरला. “साहेब, आतल्या कडेला खाच बघा,” मी म्हणाले, “ती आमच्या डायची खाच हाय.” त्यांनी पक्कड मागवली, बुटाचा नाल उपटायला लावला आणि एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरला. खाचेवर खाच बसली. जमादार पिंजऱ्यात एका बुटावर उभे होते आणि दुसऱ्या पायाचा अंगठा मोज्यातून बाहेर आला होता. सगळं कोर्ट हसलं. पाठीमागचे पक्षकार हसले, वकील हसले, ‘चूप’ म्हणणारा शिपाईही हसला.

ही ती बुटाची गोष्ट. मी तेव्हा हसले नाही. दादाही हसले नाहीत. एकोणीस दिवस, वर्षभराच्या तारखा, बंद पडलेलं काम आणि एक थोबाडीत, एवढं सगळं एका फाटक्या मोज्यावर हसून मोकळं होणार होतं, हे मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं.

बाहेर आवारात जमादार आमच्याकडे आले. हातात बूट, दुसऱ्या हातात उपटलेला नाल. लाज नव्हती, राग नव्हता, रोजचं काम सांगावं तसं म्हणाले, “किसन, एवढा ठोकून दे बरं.”

दादांनी त्यांच्याकडे बघितलं. वर्षभरात ते कुणाला उलटून बोलले नव्हते. “माझं दुकान तुमच्या ठाण्यात पडलंय, साहेब, लिंबाखाली. तिथं जाऊन ठोकून घ्या.”

जमादारांनी नाल खिशात टाकला. बूट पायात घालून निघाले. एक पाय वाजत होता, दुसरा वाजत नव्हता.

त्याच आठवड्यात दादा निर्दोष सुटले आणि जप्त केलेलं सामान परत द्यायचा हुकूम झाला. यंत्र दोन पावसाळे लिंबाखाली उघड्यावर होतं. स्क्रू गंजून चौकटीत घट्ट बसला होता. दांड्याचा एक गोळा काढून कुणीतरी ठाण्याच्या फाटकाला वजन म्हणून बांधला होता, तो मागितल्यावर मिळाला. डाय मिळाली नाही. दादा पुढचे कितीतरी बाजार चुकवून ठाण्यात जात राहिले. “डाय कुठं हाय?” तिथला कारकून यादी दाखवायचा. यादीत लिहिलं होतं, यंत्र, नग एक. डाय लिहिलेली नाही, म्हणजे डाय नव्हतीच. चारशे पात्या होत्या, ज्या जगात कधी नव्हत्या. आणि जी डाय माझ्या बापाने दोन हंगाम डोळ्यांत तेल घालून कोरली, ती मात्र नव्हती.

वाड्यातली ती तीन घरं परभणीला गेली, परत आलीच नाहीत. त्यांच्या जागेवर आधी कडबा रचला गेला, मग कुंपण आलं. कोर्टात नोकरी लागल्यावर मी त्यांच्या तक्रारीचे कागद शोधून काढले. शोधायला मला अनेक महिने लागले. चार ओळी होत्या. शेवटची ओळ अशी : ‘आगीचे कारण समजून येत नाही.’ मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. खाली पंच म्हणून पाटलाची तीच सही होती. मी तो जागेवर ठेवला आणि त्या दिवशी डबा खाल्ला नाही.

हमीदचाचा तोवर थकले होते, जिनिंग त्यांनी सोडलं होतं. पण त्यांनी ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद मिळवून दादांकडे पाठवलं. दादांनी पुन्हा कानस हातात घेतली. नजर पूर्वीची राहिली नव्हती. दिवसभर दारात उजेडाला बसायचे, संध्याकाळी माय त्यांच्या बोटांतले लोखंडाचे कण सुईने काढायची आणि सगळा वेळ त्या जमादाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. तिच्या शिव्या मी इथे लिहीत नाही, पण एकही फुकटची नव्हती. टायपिंगची परीक्षा देऊन मला कोर्टात कारकुनाची जागा मिळाली, त्याच महिन्यात नवी डाय पुरी झाली. पहिला जोड दादांनी माझ्या चपलांना बसवला. माय म्हणाली, “बाईमाणसाच्या चपलंला कोण नाल लावतंय?” दादा म्हणाले, “तिला लय चालावं लागणार हाय.”

पहिल्या दिवशी मी कचेरीत शिरले. फरशी होती, आणि लोखंड फरशीवर कसं वाजतं याची मला कल्पना नव्हती. सगळ्यांनी माना वर केल्या. मोठ्या बाबूंनी हातातली लेखणी ठेवली. माझ्या अर्जावर माझी जात लिहिलेली होती आणि तो अर्ज त्यांच्याच टेबलावरून गेला होता.

“ओ बाई, चपला बाहेर काढून या. हे कोर्ट आहे, तबेला नाही.”

मी टेबलांखाली बघितलं. बाबूंच्या पायांत बूट होते. बाकीच्यांच्या पायांत चपला होत्या, एकाच्या तर चिखलाने भरलेल्या. गावात पाटलाच्या दारावरून जाताना माय वहाणा काढून हातात घ्यायची. मी तिच्या मागे, माझ्याही हातात. उन्हाळ्यात तिथली माती इतकी तापायची की आम्ही तेवढं अंतर पळत जायचो, आणि पलीकडे पोचल्यावर माय म्हणायची, घाल आता.

“सगळ्यांनी काढल्या की मी बी काढते,” मी म्हणाले.

कुणी वाकलं नाही. बाबू माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी लेखणी उचलली. माझी खुर्ची खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीशी होती. मी तिथपर्यंत चालत गेले.